आठ-आठच्या सहा

गाडी मुळात गंगापूर रोडच्या एका वाइनवाल्याची.
कडेला द्राक्षाचा घड आहे अजून, निम्मे मणी पुसलेले.
पाहुण्यांना मळा दाखवून दाखवून दमली,
तेव्हा भंगाराच्या भावात आली देवळालीला,
आमच्या सॅनेटोरियममध्ये.
आता ती गुडघे वाहते.
फाटक ते जेवणघर, जेवणघर ते खोली नंबर अकरा,
वेग असा, की कडेची खार पुढे निघून जाते
आणि थांबून वळून बघते.

रविवारी रात्री मला झोप येईना,
तेव्हा कळलं, चार्जर बंद आहे.
एरवी प्लग खोचला की त्याच्या पोटात टक् व्हायचं
आणि मग पहाटेपर्यंत घुंऽऽ,
लांबच्या पिठाच्या गिरणीसारखं.
त्या आवाजावर डोळा लागायची सवय झालेली.

साहेब म्हणाले, नवा चार्जर पस्तीस हजार.
त्यात चार व्हीलचेअर येतात, कौतिक.
मी काही बोललो नाही.
पुतण्याच्या साखरपुड्याला चार दिवस गावी गेलो होतो,
किल्ली चालूच राहिली होती गाडीची.
हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.

दूध बाजारातून जुबेर पिरजादे आला.
सीट उचलली, मीटरच्या सुया टेकवत गेला:
पाच. पाच. साडेचार. पाच. साडेचार. पाच.
अठ्ठेचाळीसच्या जागी एकोणतीस.
बॅटऱ्यांच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी.
स्वयंपाकघरातून खायचा सोडा मागून आणला,
ओतल्यावर फसफसलं, जुबेरच्या चपलेवर उडालं.

‘चार्जर मेला नाही, कौतिकभाऊ.
त्याला आधी समोर थोडं तरी दिसावं लागतं.
अगदीच रिकामं असलं
की त्याला वाटतं, समोर कोणी नाहीच.’

मला बँकेतला तो माणूस आठवला,
सातपूरची कंपनी बंद पडली त्या वर्षीचा.
चष्मा पुसत म्हणाला होता,
पगाराची स्लिप आणा, मग बघू.

मग एकेकीला वेगळं लावायचं ठरलं,
काट्याच्या छोट्या चार्जरवर, दोन-दोन तास.
पाणी आधी प्लेटा बुडतील एवढंच.
‘वरपर्यंत नको,’ जुबेर म्हणाला,
‘उपाशी माणसाला कोणी ताट भरून वाढतं का?’

दहाच्या सुमारास दमयंतीबेन आल्या काठी टेकत,
आणि आपल्या नेहमीच्या जागी, मागच्या बाकावर, बसल्या.
बेन, गाडी बंद आहे.
‘ठाऊक आहे. बसायला काय चालू लागते?’

तिकडे तोफांचा सराव सुरू झाला.
जेवणघराची तावदानं थरथरली,
चार्जरचा काटाही थरथरला.
बेन मात्र नाही.
चाळीस वर्षं त्या कॅम्पात कापड विकत होत्या,
तोफ वाजली की गज मोजायचा थांबायचा नाही.
मधूनच विचारायच्या, ‘आता किती?’
सहा.
‘कितीपैकी?’
आठ.
‘मग बरं आहे की.’
दुपारी ताट तिथेच मागवलं.
खिचडी अर्धी ठेवली, अर्धी खाल्ली.
गेला महिना अर्धीही जात नव्हती,
शेजारची खाट रिकामी झाल्यापासून.

सहावी झाली तेव्हा रात्रीचे साडेनऊ.
जुबेरने मोठा प्लग खोचला.
काही नाही.
त्याने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे.
परत काढला, पिना पायजम्याला पुसल्या, परत खोचला.

टक्.

घुंऽऽ.

जुबेर म्हणाला, तिसरी फार दिवसांची नाही,
दिवाळीपर्यंत काढेल, पुढचं बघू.
सातशे घेतले. सहाशे म्हणत होतो.
त्याची ॲक्टिव्हा फाटकाबाहेर गेली.

बेन कुठल्याशा वेळी परत येऊन बसल्या होत्या,
मान खांबाला टेकलेली, काठी मांडीत.
त्यांना उठवून खोलीत न्यायचं
तर गाडी लागणार, आणि गाडी तर जेवायला बसलेली.
घोंगडी आणून पायांवर टाकली
आणि मी खाली, चाकापाशी, बसून राहिलो.